एक कादंबरी, दोन आवृत्त्या : संथपणा लेखकाचा की पानाचा?

कोल्हापुरात राजारामपुरीतील एका घराच्या दिवाणखान्यात महिन्यातून एकदा एक वाचकमंडळ भरते. सर्वांनी एकच कादंबरी वाचून यायचे आणि मग तिच्यावर मोकळेपणाने बोलायचे, एवढाच तेथला शिरस्ता आहे. या लेखातील कादंबरी निवडली गेली तेव्हा तिची जुनी, कापडी बांधणीची आवृत्ती बाजारात मिळत नव्हती. त्यामुळे काहींनी वाचनालयातून किंवा घरच्या कपाटातून जुनी प्रत मिळवली, काहींनी अलीकडेच निघालेले स्वस्त पुनर्मुद्रण विकत घेतले आणि शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने ती मोबाइलवर ई-बुक म्हणून वाचली. मजकूर तिन्ही ठिकाणी शब्दशः एकच होता. तरीही चर्चा सुरू झाल्यावर असे वाटू लागले की मंडळींनी दोन वेगवेगळ्या कादंबऱ्या वाचल्या आहेत. जुनी प्रत वाचलेल्यांना मधला भाग निवांत पण भरीव वाटला होता, तर नवी प्रत वाचलेल्यांच्या मते तो रेंगाळत होता आणि शेवट मात्र अर्धवट सोडून दिल्यासारखा होता. प्रस्तुत लेखकाचा पोटापाण्याचा व्यवसाय पुस्तकांची पाने लावण्याचा, म्हणजे छपाईसाठी पानांवर मजकूर मांडण्याचा असल्यामुळे हा मतभेद केवळ आवडीनिवडीवर सोडून देणे पटले नाही, आणि दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहण्याचे काम त्यातून निघाले. कादंबरीचे, लेखकाचे व प्रकाशकाचे नाव येथे हेतुपूर्वक दिलेले नाही.

कादंबरीची चाल

कादंबरीत एकूण 34 प्रकरणे असून ती तीन भागांत विभागलेली आहेत. पहिल्या भागातील 11 प्रकरणांत पंचगंगाकाठच्या एका कुटुंबाची तीस वर्षे येतात. मधल्या 12 प्रकरणांत त्याच कुटुंबाच्या गुऱ्हाळाचा एकच हंगाम येतो. आणि शेवटच्या 11 प्रकरणांत महापुराचे तीन दिवस येतात. जेरार जेनेत या फ्रेंच समीक्षकाने कथनाच्या गतीचे जे चार प्रकार सांगितले आहेत, म्हणजे सारांश (बराच काळ थोडक्यात सांगणे), दृश्य (घटना घडेल तशी दाखवणे), विराम (गोष्ट थांबवून वर्णन करणे) आणि लोप (मधला काळ गाळून पुढे जाणे), त्या भाषेत बोलायचे तर पहिला भाग सारांश आणि लोप यांवर चालतो, मधला भाग विरामावर आणि तिसरा जवळजवळ निव्वळ दृश्यावर. तीस वर्षे, मग पाच महिने, मग तीन दिवस अशी कथेतील काळाची झेप आखडत जाते आणि प्रकरणांची संख्या मात्र साधारण तेवढीच राहते. लेखकाने गती हळूहळू रोखत नेली आहे, ती सांडलेली नाही, हे या रचनेवरून उघड दिसते.

मराठी वाचकाला प्रकरणाच्या शेवटी पुढच्या प्रकरणाची ओढ लावणारी रचना चांगली परिचयाची आहे. हरिभाऊ आपटे 1890 साली सुरू झालेल्या ‘करमणूक’मधून कादंबऱ्या क्रमशः देत होते, आणि पुढचा अंक हाती येईपर्यंत वाचकाला बांधून ठेवायचे तर प्रकरणाचा शेवट तसाच करावा लागे. या कादंबरीतील प्रकरणे त्या वळणाची नाहीत. पहिल्या दोन भागांतील प्रकरणे शांतपणे मिटतात आणि वाचकाने तेथे थांबावे, अशीच त्यांची अपेक्षा असते. तिसऱ्या भागात मात्र एक प्रकरण जेथे तुटते त्याच क्षणापासून पुढचे सुरू होते, कित्येकदा त्याच संवादातून. हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पान लावणाऱ्याने घेतलेला एकच निर्णय या दोन तऱ्हांवर अगदी उलट परिणाम करून गेला.

दोन प्रती, मोजमापासह

दोन्ही प्रतींचा आकार डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच आहे, आणि साम्य जवळपास तेथेच संपते. जुन्या आवृत्तीत 14 पॉइंटचा टाईप असून पानावर 28 ओळी आणि सुमारे 225 शब्द आहेत. नव्या आवृत्तीत 12 पॉइंटचा टाईप, 36 ओळी आणि सुमारे 350 शब्द आहेत. जुनीत प्रत्येक प्रकरण नव्या पानावर, वरची तिसरा हिस्सा जागा कोरी सोडून सुरू होते. नवीत आधीचे प्रकरण संपले की चार-पाच ओळींच्या अंतराने त्याच पानावर पुढचे सुरू होते. जुनी 448 पानांची आहे व तिचे फॉर्म (एकत्र छापून दुमडलेल्या 16 पानांचे जुडगे) शिवून बांधलेले आहेत. नवी 288 पानांची असून तिचा कणा कापून गोंदाने चिकटवलेला आहे. नव्या प्रतीची किंमत जुनीच्या आजच्या संभाव्य किमतीच्या निम्मीही होणार नाही, आणि त्यामुळेच ती मंडळातल्या अर्ध्याअधिक लोकांच्या हाती पडली, ही गोष्ट पुढचे सर्व आक्षेप वाचताना विसरता कामा नये.

एका पानावर दीडपटीहून अधिक मजकूर बसला की वाचक शब्द तेवढ्याच वेगाने वाचतो, पण पान मात्र उशिरा उलटतो. पान उलटणे हीच वाचकाच्या हाताला मिळणारी पुढे सरकल्याची पावती असते. गोष्टीत काही घडत असते तेव्हा ही पावती उशिरा मिळाली तरी कोणाच्या लक्षातही येत नाही. गोष्ट मुद्दाम थांबलेली असते तेव्हा मात्र तिची उणीव ताबडतोब जाणवते. नवी प्रत वाचणाऱ्यांची रेंगाळल्याची तक्रार पहिल्या किंवा तिसऱ्या भागाबद्दल नव्हती, नेमकी मधल्या भागाबद्दल होती, याचे एक कारण हेच असावे.

देवनागरीची म्हणून एक वेगळी अडचण आहे. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार व जोडाक्षरांचे पाय असतात, आणि शिरोरेषेमुळे ओळ एका सलग पट्टीसारखी दिसते. त्यामुळे ओळींमधले अंतर थोडे कमी केले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जवळजवळ टेकतात. त्यातच समास कमी करून ओळ लांब केली असेल, तर ओळ संपवून पुढच्या ओळीच्या आरंभाकडे परतताना नजर चुकते आणि तीच ओळ पुन्हा वाचली जाते. बँकेतून निवृत्त झालेल्या एका सदस्यांनी हीच तक्रार ‘लेखकाची वाक्ये गुंतागुंतीची आहेत’ अशा शब्दांत मांडली होती. वाक्ये लांब आहेत हे खरे, परंतु जुन्या प्रतीत तीच वाक्ये वाचणाऱ्यांपैकी कोणालाही ती गुंतलेली वाटली नाहीत.

सदुसष्टावे पान

सर्वांत जास्त वाद ज्यावर झाला, तो प्रसंग पहिल्या भागातील आहे. नदीकाठचा मळा विकण्याचा विषय मुलगा काढतो, बाप तो ऐकूनही घेत नाही आणि ताटावरून उठून जातो. पुढच्या परिच्छेदात तोच बाप निबंधक कार्यालयात बसून विक्रीच्या कागदावर सही करत असतो. मध्ये 11 वर्षे गेली आहेत. लेखक ते तेथे सांगत नाही. फक्त एक रिकामी ओळ सोडतो, आणि सही करताना बापाचा हात कापतो आहे एवढेच नोंदवतो.

जुन्या प्रतीत ही रिकामी ओळ 108व्या पानाच्या मध्यावर येते आणि तिच्यात एक लहानशी फुलीही छापलेली आहे. नव्या प्रतीत फुल्या काढून टाकलेल्या आहेत. तरीही रिकामी ओळ दिसली असती, परंतु बाप ताटावरून उठतो ते वाक्य बरोबर 67व्या पानाच्या शेवटच्या ओळीवर संपते, 67वे पान उजव्या हाताचे आहे, आणि सहीचा प्रसंग पान उलटल्यावर पहिल्याच ओळीपासून सुरू होतो. पान संपले तेथेच रिकामी ओळ आली, की ती नाहीशी होते. कारण पानाच्या तळाचा कोरा समास आणि लेखकाने सोडलेली कोरी जागा यांत वाचकाला फरक करता येत नाही.

मंडळात यावर झालेला संवाद नोंदवण्यासारखा आहे. नवी प्रत वाचलेल्या एका काकूंनी विचारले, “सर, बाप एका रात्रीत असा कसा बदलला ओ? काल ताटावरनं उठला आणि आज सही?” त्यावर जुनी प्रत वाचलेले शिक्षक म्हणाले, “एका रात्रीत कुठं, काकू? अकरा वर्षं गेलीत मध्ये. हात कापतोय की त्याचा.” काकूंनी आपली प्रत पुढे केली आणि सरांना त्यांच्याच डोळ्यांनी ते पान पाहू दिले. त्याआधी बराच वेळ बापाच्या स्वभावरेखेतील विसंगती हा विषय चालला होता, आणि लेखकाला पात्र सांभाळता आले नाही असे मतही जवळपास ठरत आले होते.

येथे एक तुलना उपयोगी पडते. कोल्हापूरशी ज्यांचे नाते जुने आहे त्या वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त आणि शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये निवेदन एका पात्राकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा पात्राचे नावच त्याची सूचना देते. देवयानीनंतर शर्मिष्ठा बोलू लागली, हे कितीही दाटीने छापले तरी लपत नाही. रचनेतील सांधा शब्दांत व्यक्त झालेला असेल, तर छपाईच्या काटकसरीत तो टिकून राहतो. तो कोऱ्या जागेत व्यक्त झालेला असेल, तर ती जागा सांभाळणे ही मुद्रितशोधकाची आणि पान लावणाऱ्याची जबाबदारी होते. इंग्रजीत लॉरेन्स स्टर्नने अठराव्या शतकात एका पात्राच्या मृत्यूनंतर अख्खे पान काळे छापून घेतले होते. तसा खेळ जेथे असतो तेथे कोणी चुकत नाही, कारण तो डोळ्यांत भरतो. चूक होते ती एका रिकाम्या ओळीसारख्या बारीक गोष्टीत.

आधणाचे पान

मधल्या भागातील 14व्या प्रकरणात एका आधणाचे, म्हणजे गुळासाठी एका वेळी शिजवल्या जाणाऱ्या रसाचे वर्णन आहे. घाण्यातून आलेला रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत पडतो, चुलवाणात चिपाडे सरकवली जातात, भेंडीच्या पाण्याने मळी वर येते, ती काढली जाते, पाक दाटत जातो आणि गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळते का पाहतो. हे सर्व एकाच परिच्छेदात आहे. जुन्या आवृत्तीत हा परिच्छेद दीड पानाचा होतो आणि गुळव्या पाण्यात बोटे घालतो त्याच सुमारास पान उलटावे लागते. हा निव्वळ योगायोग आहे, पण जुनी प्रत वाचलेल्या तिघांना नेमका हाच क्षण आठवत होता.

नव्या आवृत्तीत तोच परिच्छेद एक संपूर्ण पान व्यापतो. वरपासून खालपर्यंत 36 ओळी, कोठे नव्या परिच्छेदाची आत सरकलेली ओळ नाही, कोठे संवाद नाही. असे पान समोर आले की वाचक वाचायला सुरुवात करण्याआधीच ते पाहतो आणि किती ओझे उचलायचे आहे याचा अंदाज बांधतो. इचलकरंजीला रोज एसटीने ये-जा करणारे मंडळातील लेखापाल म्हणाले की या भागात त्यांना बसमध्ये थांबायला जागाच सापडत नसे. प्रकरणे सलग लावल्यामुळे पुस्तक मिटायचे कोठे ते कळत नसे, आणि गोंदाची बांधणी कडक असल्यामुळे प्रत दोन्ही हातांनी दाबून धरावी लागे. चिकटवलेल्या पुस्तकात कागदाचे तंतू कण्याला समांतर नसतील तर पाने अशीच ताठ राहतात. नव्या प्रतीचा कागद तसाच, तंतू कण्याला आडवे येतील असा कापलेला असावा.

याला एक अपवाद निघाला, आणि तो सोयीचा नसला तरी सांगितलाच पाहिजे. करवीर तालुक्यात ज्यांचे स्वतःचे गुऱ्हाळ आहे अशा एका सदस्यांनी नवीच प्रत वाचली होती, आणि त्यांना 14वे प्रकरण सर्वांत वेगवान वाटले. लेखक पुढच्या वाक्यात कोठे चुकतो हे पकडण्यासाठी ते वाचत होते. पानाची रचना वाचकावर परिणाम करते, पण वाचक काय शोधत पानावर आला आहे यापुढे ती बहुधा दुबळी ठरते.

अदलाबदल

मंडळाने नंतर मधल्या भागातील काही प्रकरणांच्या झेरॉक्स प्रती काढून अदलाबदल केली. जुनी वाचलेल्यांनी नवी पाने वाचली आणि नवी वाचलेल्यांनी जुनी. ही चाचणी काटेकोर नव्हती, कारण दुसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा झालेला असतो आणि ओळखीचा मजकूर सहज वाटतोच. तरीही एक गोष्ट स्पष्ट झाली. 12 ते 16 या प्रकरणांबद्दल नवी प्रत वाचलेल्यांची तक्रार बरीच सौम्य झाली. 17 ते 19 या प्रकरणांबद्दल ती तशीच राहिली, आणि उलट जुनी प्रत वाचलेल्यांनीही मान्य केले की ही तीन प्रकरणे त्यांनाही जड गेली होती, फक्त मोकळ्या पानांमुळे ती निभावून गेली. या तीन प्रकरणांत हंगामाच्या उत्तरार्धातील तीन दिवस जवळजवळ सारख्याच क्रमाने सांगितलेले आहेत, आणि तिसऱ्या वेळी वाचकाला नवे काही मिळत नाही. हा संथपणा लेखकाचा आहे. सुबक छपाईने तो झाकला होता आणि दाट छपाईने तो उघडा पाडला, असे म्हणायला हरकत नाही.

मोबाइलवर वाचणाऱ्या विद्यार्थिनीची गोष्ट निराळी होती. तिला प्रसंग उत्तम आठवत होते, पण कोणता आधी व कोणता नंतर हे सांगताना ती वारंवार अडखळली. नॉर्वेतील संशोधिका ॲन मांगेन आणि तिच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी 2019 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 50 वाचकांपैकी काहींना एक दीर्घ कथा छापील पुस्तकात आणि काहींना किंडलवर वाचायला दिली होती. बहुतेक बाबतींत दोन्ही गट सारखेच ठरले, परंतु घटनांचा क्रम लावण्यात छापील पुस्तक वाचणारे सरस ठरले. डाव्या हातात जाड होत जाणारी आणि उजव्या हातात पातळ होत जाणारी पाने क्रमाचा हिशेब ठेवतात, असे त्यावरून मानायला जागा आहे. मात्र एका विद्यार्थिनीवरून मंडळाने काही सिद्ध केले, असा दावा येथे नाही.

शेवट आणि 15 पाने

उजव्या हातातील पानांचा हाच हिशेब नव्या प्रतीत फसवतो. कादंबरीचा मजकूर 273व्या पानावर, अगदी तळच्या ओळीवर संपतो. 273वे पान उजवे असल्यामुळे वाचक सहजच पान उलटतो, कारण हातात अजून 15 पाने असतात आणि महापुराचे पाणी अद्याप उतरलेले नसते. पलीकडे प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी सुरू होते. जुन्या प्रतीत शेवटचे वाक्य 446व्या, म्हणजे डाव्या पानावर येते आणि समोरचे पान कोरे आहे. ते उघडताक्षणी वाचकाला कळते की आता एवढेच उरले आहे, आणि शेवटचे पान तो त्या जाणिवेने वाचतो. नवी वाचलेल्यांनी शेवटाला अर्धवट म्हटले, तर जुनी वाचलेल्यांनी त्यालाच धीट म्हटले.

ही 15 पाने आली कोठून, हे धंद्यातल्या माणसाला लगेच दिसते. पुस्तक 16 पानांच्या फॉर्ममध्ये छापले जाते. 17 फॉर्मची 272 पाने होतात. मजकूर एका पानाने पुढे गेला आणि त्या एका पानासाठी 18वा फॉर्म उघडावा लागला. अनुभवी माणूस सहसा असे होऊ देत नाही. तो दोन-चार परिच्छेदांतील अक्षरांमधले अंतर किंचित आवळून ते पान मागे ओढतो, किंवा 8 पानांचा अर्धा फॉर्म लावतो. येथे पूर्ण फॉर्म घेतला गेला आणि उरलेली पाने जाहिरातींनी भरली गेली.

नव्या आवृत्तीच्या बाजूनेही एक मुद्दा ठामपणे मांडला पाहिजे, कारण मंडळातील चर्चेत तो जवळजवळ निसटून गेला होता. महापुराचा भाग नव्या प्रतीत जास्त चांगला वाचला जातो. तेथे प्रकरणे आखूड आहेत, संवाद त्रोटक आहेत, आणि एक प्रकरण तुटते तेथूनच पुढचे सुरू होते. जुन्या प्रतीत अशा प्रत्येक तुटीनंतर अर्धे पान कोरे आणि मग पुढच्या पानाचा वरचा तिसरा हिस्साही कोरा येतो, आणि पुरात अडकलेल्या माणसांबरोबर धावणारा वाचक दर चार-पाच पानांनी उगाच थबकतो. नवीत प्रकरणे सलग लावल्यामुळे ते तीन दिवस एका दमात जातात. म्हणजे प्रकरणे सलग लावण्याचा एकच नियम मधल्या भागाला जाचक ठरला आणि शेवटच्या भागाला पोषक. दोन्ही आवृत्त्यांतील खरी उणीव दाटी किंवा मोकळीक ही नसून, तीन चालींच्या कादंबरीला आरंभापासून अखेरपर्यंत एकच नियम लावला गेला, ही आहे.

दुसरा मार्ग त्याच 18 फॉर्ममध्ये शक्य होता. पहिल्या दोन भागांतील 23 प्रकरणे नव्या पानावर सुरू केली, तर प्रत्येकी सरासरी अर्धे पान धरून सुमारे 12 पाने जादा लागतात. तिसरा भाग आहे तसा सलग ठेवायचा, फुल्या परत आणायच्या आणि त्या पानाच्या तळाशी वा माथ्यावर येतील तेथे एखादी ओळ पुढेमागे सरकवून त्या पानाच्या आत घ्यायच्या. मजकूर मग 285व्या पानाच्या आसपास संपतो. तिसऱ्या भागाच्या आरंभी एक पान जादा सोडले की शेवटचे वाक्य 286व्या, म्हणजे डाव्या पानावर येते आणि 287वे पान कोरे ठेवता येते. कागद तेवढाच, छपाईचा खर्च तेवढाच. इतर पुस्तकांच्या यादीसाठी 288वे पान आणि मलपृष्ठाची आतली बाजू उरते, आणि यादी थोडी छोटी करावी लागते.